दुपारनंतर खराब होणारी लाइन

पहिली तक्रार माझ्याबद्दल नव्हती, लाइनबद्दल होती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. फोन आला की बोर्डावरची बारकी पत्र्याची झडप खट्कन खाली पडायची. मी वायर खोचायची, कोण हवं ते विचारायचं आणि त्या खात्याला जोडून द्यायचं. माझं सगळं काम गळ्यावर चालायचं. हातांचं काम काय, कोणीही शिकतं.

मुंबईच्या हेड ऑफिसातली ऑपरेटर मला 'चिंचवड' म्हणायची आणि मी तिला 'मुंबई'. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती म्हणाली, "चिंचवड, तुझी लाइन पाण्यात बुडालीय काय गं? अर्धं ऐकू येतं, अर्धं नाकात जातं."

मी तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी सकाळी लाइनमन आला. त्याने खांबापासून बोर्डापर्यंत सगळं तपासलं आणि बाहेरून फोन लावला. "बोला बाई." मी बोलले. "एकदम ओके." आठवड्याने तो परत आला तेव्हाही सकाळच होती. या वेळी त्याने हेडफोन बदलला.

"आता बघा, खणखणीत."

"सकाळी ठीकच असते हो. दुपारनंतर खराब होते."

"ऊन लागलं की जॉइंट सैल पडतो बाई. व्हायचंच."

मला ते पटलं. दिवसभर लाइनी जोडणाऱ्या बाईला खराबी लाइनीतच दिसते. स्वतःच्या घशाकडे बघायचं मला सुचलंच नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची यादी, पाहुण्यांची यादी, डॉक्टरांना काय विचारायचं त्याचीही यादी. आजारपणात जे लिहून ठेवलं त्यातलं उपयोगाचं तेवढं इथे सांगते. मला औषधातलं कळत नाही. पण ज्यांच्या घरात कोणी धड बोलेनासं झालं आहे आणि का ते कळत नाही, त्यांना यातलं काही लागू पडेल.

तोंडात काय आहे?

पर्सोनेल ऑफिसरसाहेबांनी बोलावलं ते चारच्या चहानंतर. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बराच वेळ टेबलावरची टाचणी सरळ केली.

"गायकवाडबाई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तोंडात काही ठेवता का?"

"म्हणजे?"

"मिश्री वगैरे. तक्रारी सगळ्या जेवणानंतरच्याच आहेत. म्हणून विचारतो."

मी रागाने सांगायला गेले की आयुष्यात मिश्रीला बोट लावलेलं नाही. पण ते वाक्य नाकातून बाहेर आलं, ओलं आणि गिळगिळीत, गालात खरंच काही धरून ठेवल्यासारखं. साहेबांनी खिडकीकडे तोंड केलं.

"दोन महिने बघू. तोवर नीट करून घ्या काय असेल ते. नाहीतर बोर्ड दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. तुम्हाला डिस्पॅचमध्ये बसवू."

डिस्पॅच म्हणजे मागच्या खोलीत बसून पाकिटांवर पत्ते लिहायचे. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. मी विचार केला, तिथे मी महिनाभरात वेडी होईन.

कासारवाडीला घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसून मिश्रीच लावत होत्या. त्या मावळातल्या. चाळीस वर्षांची सवय. मी घडलेलं सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. त्यांनी पिचकारी टाकली आणि उसळल्या, "आँ? मिश्रीनं माणूस बोबडं व्हतंय? मग मी काय मुकी व्हायला पायजे व्हती! सांग तुज्या सायबाला, म्हनावं माज्यासंगं भांडून बघ."

मला हसू आलं. पण हसताना ओठांचे कोपरे वर जाईनात. समोरच्या आरशात दिसलं, मी गुरगुरणाऱ्या कुत्र्यासारखी दात दाखवत होते.

बोबडं

सासूबाईंच्या तोंडून तो शब्द निघाला आणि मग तोच चिकटला. शेजारपाजारी, नातेवाइकांत, सगळीकडे एकच: "सुमन बोबडं बोलायला लागलीय."

शेजारची पिंकी तेव्हा दोन वर्षांची होती. ती 'गाडी'ला 'दाली' म्हणायची. तिला सगळे मुद्दाम बोलायला लावायचे आणि खूश व्हायचे. पोराचं बोबडं बोलणं ऐकायला माणसं कामं सोडून बसतात. पंचेचाळीस वर्षांची बाई तसं बोलली की तीच माणसं निघायला चपला शोधतात.

शिवाय मी बोबडं बोलतच नव्हते. पिंकीची जीभ अजून वळायची होती, माझी वळून थकत होती. आमच्याकडे नीट न बोलण्याला शब्द भरपूर आहेत. शब्द अडकतो तो तोतरा. नाकातून बोलतो तो गेंगाणा. ओठ न हलवता बोलतो तो पुटपुटतो. तापात किंवा पिऊन बोलतो तो बरळतो. भीतीने बोबडी वळते ती आणखी वेगळी. प्रत्येकाची खोट वेगळ्या जागी असते. पण लोकांच्या हाताला जो शब्द पहिला लागतो तोच ते वापरतात, आणि मग मीही तोच वापरायला लागले. डॉक्टरांकडे गेले ती तोच शब्द घेऊन.

पहिल्या डॉक्टरांना सांगितलं, बोबडं होतंय. त्यांनी जीभ बघितली, दात बघितले आणि दोन दाढांवर संशय घेतला. दाढा गेल्या. बोलणं आहे तसंच. दुसऱ्यांना सांगितलं, बोबडं होतंय आणि नोकरी जायची भीती वाटते. त्यांनी फक्त भीती ऐकली. झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी मी सकाळीसुद्धा जड बोलायला लागले, म्हणून त्या बंद केल्या. दोघांकडे मी सुट्टी न घेता सकाळीच गेले होते, कामावर जाता जाता. दोघांनीही ते बोलणं एकदाही ऐकलं नाही.

घर

संध्याकाळी भाकरी चावताना जबडा दमायचा. मी कोपर टेबलावर टेकून हनुवटी हाताने वर धरायची, तेव्हा घास चावला जायचा. डाव्या डोळ्याची पापणी पडदा सुटल्यासारखी खाली यायची. आमचे हे दुसऱ्या एका कंपनीत फिटर. सेकंड शिफ्ट करून आले की मला बोलायचं असायचं आणि मला बोलता यायचं नाही. ते तिसऱ्यांदा "काय?" म्हणाले की मी ताट सरकवून उठायची.

"अगं, मला खरंच कळलं नाही."

मला ते माहीत होतं. तरी राग यायचा.

स्वस्थ बसणं मला जमत नाही. डबे घासलेले असले तरी परत घासायची. गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, पिंपरीच्या बाजारात चालत जाऊन चालत यायची. जितकी जास्त धडपड करायची तितकं बोलणं लवकर जायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, आळस केला की तो आजार अंगात मुरेल.

पौर्णिमेला विहारात वंदना मी सांगायची. मी ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. त्या पौर्णिमेला सुरुवात नीट झाली. अर्ध्यावर माझी ओळ मलाच ओळखू येईना. मागून ती कोणाला उचलता येईना. मग मागच्या रांगेतल्या बायकांनी पुढची ओळ स्वतःच उचलली आणि अशा मोठ्याने म्हटली की माझा आवाज त्यात झाकला गेला. शेवटपर्यंत त्यांनी तो वर येऊ दिला नाही. घरी जाताना त्यावर कोणी एक शब्द काढला नाही. त्या उपकाराची आठवण आजही येते.

"मग दुपार करू या"

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शेवटी ह्यांनीच नेलं, शिफ्ट बुडवून. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. तपासणारी डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. केस घट्ट बांधलेले, घाईत.

"काय होतंय?"

सासूबाईच पुढे झाल्या. "बोबडी बोलतीया वो. ल्हान लेकरावानी."

"आजी, त्यांना सांगू द्या." मग माझ्याकडे वळून, "बोबडं म्हणजे कसं? र चा ल होतो? शब्द अडकतो? आठवत नाही? की नाकातून येतं?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नाकातून येतं. आणि जड होतं." हे मी अगदी स्पष्ट म्हणाले, कारण सकाळचे दहा वाजले होते. आता हीसुद्धा लाइनमनसारखी म्हणणार, एकदम ओके.

"आत्ता तर चांगलं बोलताय."

"सकाळी चांगलंच असतं. दुपारनंतर जातं."

तिने पेन खाली ठेवलं. "मग दुपार करू या. मोठ्याने आकडे म्हणा, एकापासून. थांबायचं नाही."

मी म्हणायला लागले. रांगेतली माणसं बघायला लागली. विशीपर्यंत कवायतीसारखी गेले. तिशीत आवाज नाकाकडे सरकला. चाळीशीत 'बेचाळीस'चा नुसता चिखल झाला आणि डावी पापणी खाली आली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मला तिथेच झटका आला.

डॉक्टर मात्र खुर्चीत पुढे सरकून बघत होती. "थांबा. आता पाच मिनिटं गप्प बसा." मी बसले. पाच मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. मग ती म्हणाली, "आता नाव सांगा." मी सांगितलं. स्पष्ट.

"याला बोबडं म्हणत नाहीत बाई," ती म्हणाली. "हा थकवा आहे. तुमचे स्नायू थकतात, विश्रांती दिली की परत येतात."

आजाराचं नाव मायस्थेनिया. बाकीचं तिने समजावलं ते मी माझ्या भाषेत असं लावून घेतलं: वायर खोचलेली असते, पण पलीकडे घंटा वाजत नाही.

दोन दिवसांनी भरती करून तिने एक इंजेक्शन दिलं, तपासण्यासाठी. हे खाटेशी उभे होते. थोड्या वेळात पापणी वर आली. मग मी तोंड उघडलं आणि माझा स्वतःचा आवाज बाहेर आला, दुपारी चार वाजता.

"गिरणीत दळण राहिलंय. आईंच्या डोळ्यांचे थेंब फडताळात वरच्या कप्प्यात आहेत, त्या खाली शोधत बसतील. आणि मोरीच्या नळाला चिंधी नका बांधू, वायसर बदला. फिटर म्हणवता!"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसतही होते. "अगं, बरं वाटतंय एवढं तरी आधी सांग की."

"ते दिसतंयच ना!"

मी बोलतच राहिले. मधे थांबलं तर जाईल असं वाटत होतं. न थांबताही ते गेलं. औषध उतरलं तसा आवाज परत नाकात शिरला. हे म्हणाले, "राहू दे. राहिलेलं उद्या सांग." मी भिंतीकडे तोंड करून पडले. एकदा परत मिळालेली वस्तू दुसऱ्यांदा जाते तेव्हा जास्त लागतं.

घंटाबाई

वॉर्डात सगळ्यात कठीण गोष्ट औषध नव्हती, त्याची वेळ होती. माझी गोळी जेवणाआधी घ्यायची, म्हणजे ती लागू होईपर्यंत घास गिळायची ताकद येते. पण वॉर्डाची रीत अशी की आधी आया ताटं वाढून जायची आणि मग सिस्टर गोळ्या घेऊन यायची. समोर ताट, गिळता येत नाही, आणि ते सांगायला आवाज नाही. मी स्टीलचा पेला चमच्याने वाजवायला लागले. पहिल्या दिवशी सिस्टर चिडली. दुसऱ्या दिवशी लांबूनच ओरडली, "ऐकलं घंटाबाई, येते!" आठवड्यात माझी गोळी ताटाच्या आधी यायला लागली. तुमच्या माणसाचं असं काही औषध असेल तर वेळेसाठी भांडा. हक्काने भांडा.

शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या. पाय मोडलेला. त्यांच्या मुलाचं पिंपरीला गॅरेज. माझं बोलणं कळलं नाही की त्या उगीच मान हलवत नसत. "परत सांग बेटी, घाई काय आहे? मी कुठं चाललेय या पायानं?"

एका संध्याकाळी मी उतावीळपणा केला. गोळी लागू व्हायच्या आधीच चहाचा घोट घेतला. तो श्वासनळीत गेला आणि खोकला येईना. ओरडायला आवाज नाही, हात वर करायला बळ नाही. वॉर्डात सगळे आपापल्या गप्पांत. तेवढ्यात माझाच पेला वाजायला लागला. हमीदाबींनी खाटेवरून वाकून तो ओढला होता आणि चमच्याने वाजवत होत्या. एकदा वाजवून थांबल्या असत्या तर कोणी आलं नसतं. घंटाबाईची सवय झाली होती सगळ्यांना. त्या थांबल्याच नाहीत. सिस्टर धावत आली, मला पालथं केलं, पाठीवर थापा मारल्या, यंत्राने घसा मोकळा केला.

त्यानंतर बरेच दिवस मला पाण्याच्या घोटाची भीती वाटायची. अजूनही चहा मी बसून, थांबून, एकेक घोट घेते. उभ्याने चहा पिणारी बाई होते मी.

बोर्ड

दोन महिन्यांची मुदत संपायच्या बेतात मी कामावर गेले. साहेब म्हणाले, "आठवडाभर बसून बघा. मग ठरवू."

माझी जागा रिकामी असताना शैला नावाची नवीन मुलगी बोर्डावर बसवली होती. हुशार, पण 'हॅलो' इतकं हळू म्हणायची की स्टोअरवाले ओरडायचे.

पहिल्या सकाळी झडप पडली.

"चिंचवड? तूच काय गं? लाइन दुरुस्त झाली?"

"झाली. बोल मुंबई, कोण हवंय?"

दोन दिवस गोळ्यांच्या वेळा सांभाळून निभावले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गप्प पडून राहायची. तिसऱ्या दिवशी मला उगाच चेव आला. सुट्टीत पडले नाही, शैलाला सगळा बोर्ड समजावत उभी राहिले. साडेतीनला मोठ्या साहेबांचा दिल्लीचा अर्जंट कॉल मुंबईमार्गे लागत होता आणि माझ्या तोंडातून साहेबांचं नाव निघेना. शैला कँटीनला गेलेली. मी परत प्रयत्न केला, आणखी वाईट.

"चिंचवड," मुंबई एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू बोलू नको. मी विचारते. हो असेल तर एकदा टकटक कर, नाही असेल तर दोनदा. साहेब जागेवर आहेत?"

मी हेडफोनच्या माइकवर नखाने एकदा वाजवलं.

"घेतील आत्ता?"

एकदा.

"दे मग."

मी वायर खोचली. कॉल लागला. कोणालाही काही कळलं नाही. तो आठवडा मी असाच ढकलू शकले असते, मुंबईच्या भरवशावर. पण वायर काढताना मला वॉर्डातला चहाचा घोट आठवला, तोही असाच दुसऱ्याच्या भरवशावर निभावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाज ताजा असताना, मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेले.

"साहेब, दिवसभर बोर्ड मला झेपणार नाही. सकाळचा द्या. जेवणानंतर शैला बसेल, मी डिस्पॅचमध्ये लिहीन."

"अर्धा बोर्ड मागायला आजवर कोणी आलं नाही बाई."

"आवाज अर्धाच आहे साहेब. आणि शैलाला 'हॅलो' म्हणायला मी शिकवीन."

त्यांनी परत टाचणी सरळ केली. "ठीक आहे. पण डिस्पॅचमध्ये तुमचं मन लागणार नाही."

"नाहीच लागणार," मी म्हणाले.

आता

याला काही वर्षं झाली. आजार गेलेला नाही, वेळापत्रकात बसलेला आहे. गोळ्या चालू आहेत. बरे दिवस जास्त, वाईट कमी.

तुम्हाला एवढंच सांगायचं. डॉक्टरांकडे जाताना लोकांनी दिलेला शब्द घेऊन जाऊ नका. कसं होतं ते सांगा: अडकतं, नाकात जातं, जड होतं, आठवत नाही. कधी होतं ते सांगा, आणि जमलं तर ते होतं त्याच वेळी जा. झोपेचं औषध मनाने घेऊ नका. आणि घरच्यांनी, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. मान हलवू नका.

सासूबाईंकडे संध्याकाळी बायका येतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. पूर्वी त्या सांगायच्या, सून बोबडी बोलती. आता म्हणतात, "आत्ता तिला बोलाया लावू नगा. आवाज थकलाय तिचा. काय ईचारायचंय ते सकाळी या." मला आतून बाहेर येऊन दोन शब्द टाकायची फार खुमखुमी येते. मी कणीक मळत राहते.

रोज जेवणाची घंटा झाली की मी हेडफोन काढून शैलाच्या हातात देते. ती आता खणखणीत 'हॅलो' म्हणते. मी डिस्पॅचकडे निघते. दारापर्यंत पोचायच्या आत मागे हमखास एखादी झडप पडते, खट्. माझा उजवा हात आपोआप वर येतो. मी तो पदराला पुसते आणि चालू लागते.